शून्य पूर्णांक एकेचाळीस शतांश

माझ्या बायकोला मी संघातून काढलं ते एका गुरुवारी संध्याकाळी, सात वाजून दहा मिनिटांनी, एकवीस लोकांसमोर आणि पुराव्यानिशी. यातली एकही गोष्ट मी आजही नाकारत नाही. वेळ मुद्दाम टिपून ठेवली होती, कारण माझी नोकरीच तशी आहे. मी वजनमाप निरीक्षक आहे. दुकानदाराचा काटा खरं बोलतोय की खोटं, हे मी ठरवतो. खरं बोलत असेल तर त्याच्यावर शिक्का मारतो, खोटं बोलत असेल तर सरळ जप्त करतो. सत्तावीस वर्षांत एकाही काट्याने मला उलट उत्तर दिलेलं नाही. माणसांनी दिलेलं आहे, पण माणसांवर शिक्का मारायची सोय कायद्यात नाही.

आमच्या आवारात दोन इमारती. एक पुढची, एक मागची. आम्ही पुढचीत राहतो. मध्ये पस्तीस पावलांचं अंगण आहे. दरवर्षी या दोन इमारतींचा सामना होतो. मागच्या वर्षी बुद्धिबळाचा झाला आणि त्यात दोन्हीकडचे खजिनदार जे एकमेकांशी बोलायचे थांबले ते अजून थांबलेलेच आहेत. म्हणून यंदा संयुक्त समितीने संगणकावरचा गोळीबाराचा खेळ ठरवला. "त्यात भांडण आतल्या आतच होतं," असं समितीच्या सचिवांचं म्हणणं. "बाहेर यायला काही शिल्लक राहत नाही."

खेळ अगदी सोपा आहे. मला तरी लांबून तसाच वाटला. पाच विरुद्ध पाच. एका गोदामात एक खोली असते. एक बाजू ती राखते, दुसरी ती घ्यायला येते. घेणाऱ्यांपैकी कोणीही एक त्या खोलीत सलग दहा सेकंद उभा राहिला की घंटा वाजते आणि फेरी त्यांची. दोन मिनिटांत घंटा वाजली नाही, तर फेरी राखणाऱ्यांची. गोळी लागली की माणूस त्या फेरीपुरता मेला. अशा तेरा फेऱ्या, आणि दर फेरीला बाजू बदलायची. शेवटी यंत्र प्रत्येकापुढे दोन आकडे दाखवतं: किती मारले आणि किती वेळा मेलात. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की झाली तुमची लायकी.

संघनिवडीचं काम माझ्याकडे आलं, कारण आवारात मोजण्याचं सरकारी शिक्षण घेतलेला मी एकटाच. मी नमुना क्रमांक तीन छापून घेतला, प्रत्येकाचे गेल्या पन्नास सामन्यांचे आकडे मागवले आणि त्या गुरुवारी सभागृहात उभा राहून ते मोठ्याने वाचले.

"तिसऱ्या मजल्यावरचे विमावाले. मारले एकशे शहाऐंशी, मेले साठ. तीन पूर्णांक एक!"

टाळ्या पडल्या. विमावाल्यांनी बसल्या जागेवरून मान लववली. ते एरवीही फारसे उठत नाहीत.

"दाताचे डॉक्टर, दोन पूर्णांक चार. वायरमन, एक पूर्णांक सहा. तळमजल्यावरच्या बँकेतल्या दोघी बहिणी, थोरली एक पूर्णांक तीन, धाकटी एक पूर्णांक दोन. झाले पाच." मग मी चष्मा पुसला. "आता सहावं नाव. मारले दोनशे दोन, मेले चारशे ब्याण्णव. शून्य पूर्णांक एकेचाळीस शतांश. हे नाव वगळण्यात येत आहे. सदर खेळाडू माझी पत्नी आहे, याची नोंद सभेने घ्यावी आणि निवड किती निःपक्षपाती आहे ते पाहावं."

सभेने नोंद घेतली. मग सगळी सभा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागली. त्या घड्याळाला चाळीस सेकंदांचा दोष आहे, हेही मी मागे सांगून ठेवलेलं आहे.

दाताचे डॉक्टर उठले. "अहो साहेब, पण वहिनी नसल्या तर..."

"डॉक्टर, भावना बाजूला ठेवा."

"भावना नाही हो. पुढे कोण जाणार?"

"जो मरत नाही तो जाईल," मी म्हणालो. इतकं बिनतोड उत्तर मला नोकरीतही फार वेळा सुचलेलं नाही.

माझी बायको रुग्णवाहिका नियंत्रण कक्षात काम करते. दिवसभर लोक तिला फोनवर किंचाळून सांगतात की घरात काय काय कोसळलंय, आणि ती एका सुरात विचारते, "पत्ता सांगा. कितवा मजला? लिफ्ट चालू आहे?" त्याच सुरात ती आता म्हणाली, "काढलं ना? लेखी द्या."

"लेखी कशाला? घरचाच मामला आहे."

"एकवीस लोक बसलेत. हे घर नाही. लेखी द्या."

दिलं. दोन प्रतींत.

दुसऱ्या दिवशी समितीचे सचिव दारात उभे. हातात नमुना क्रमांक सात. हा नमुना अस्तित्वात आहे हे मला माहीत नव्हतं, आणि असा नमुना मला माहीत नसणं हाच मुळात माझा अपमान होता.

"वहिनींनी मागच्या इमारतीकडून खेळायचा अर्ज दिलाय," सचिव म्हणाले. "त्यांची मावशी तिकडे राहते. सलग सात रात्री तिथे राहिल्या की त्या तिथल्या रहिवासी. फक्त आधीच्या संघाच्या निवडकर्त्याचा ना हरकत दाखला लागतो. म्हणजे तुमचा."

"माझ्याच बायकोला घरातून जायला माझाच ना हरकत दाखला?"

"घरातून नव्हे, संघातून. घराचं आमच्या नमुन्यात काही नाही."

मी सही केली. मागेपुढे न बघता केली. शून्य पूर्णांक एकेचाळीसचा बोजा स्वखुशीने मागच्या इमारतीकडे जात असताना हरकत घेणारा मी कोण? 'कारण' या रकान्यात मी 'विहित मानकापेक्षा कमी' असं लिहिलं. हे माझ्या हाताला सवयीने येतं. साधारण असंच मी डाळीच्या मापांबद्दल लिहितो. सचिवांनी ते वाचून माझ्याकडे जरा दयेने पाहिलं, असं मला तेव्हा वाटलं. आता खात्री आहे.

संध्याकाळी ती कपड्यांची पिशवी घेऊन अंगण ओलांडून गेली. समोरच्या गॅलरीत निवृत्त मुख्याध्यापिका झाडांना पाणी घालत होत्या. त्यांची बाग अशी आहे की आवारात काही घडत असलं की झाडांना पाणी लागतंच.

"भांडण झालं का गं?" त्यांनी वरून विचारलं.

"नाही बाई," ती म्हणाली, "बदली झाली."

इथे मावशींबद्दल एक शब्द. मावशी तिची, पण धाक माझ्यावर. लग्नात त्यांनी मला आपादमस्तक पाहून "ठीक आहे" असं म्हटलं होतं आणि त्या मतात त्यांनी आजवर काही वाढ केलेली नाही.

आता आमचा संघ तयार झाला. पाचही खेळाडू एकापेक्षा वरच्या आकड्याचे, सरासरी एक पूर्णांक नऊ. पहिल्या सरावाला मी त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसलो. हातात घड्याळ, मांडीवर वही. फेरी सुरू झाली आणि विमावाले तडक गोदामातल्या पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले. मला वाटलं, वा, काय डावपेच आहे. मिनिट गेलं. दीड मिनिट गेलं. टाकीमागून विमावाले हलेनात.

"पुढे का जात नाही तुम्ही?" मी विचारलं.

"पुढे गोळ्या आहेत," ते म्हणाले.

त्यांचा तीन पूर्णांक एक हा या टाकीमागे पिकलेला होता. कोणी चुकून समोरून गेलाच तर ते त्याला टिपत, नाहीतर बसून राहत. दोन मिनिटं संपली. फेरी हरली, पण मेलं कोणी नाही. बाकीच्यांनी हे पाहिलं. चांगल्या गोष्टी माणूस पटकन शिकतो. दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी जिन्याखाली बसल्या, डॉक्टर पोत्यांच्या थप्पीमागे बसले. वायरमनला बसायला आडोसाच उरला नाही. तो टाकीपाशी गेला तर विमावाले म्हणाले, "इथे मी आहे ना! गेली दोन वर्षं मीच बसतो इथे." त्यावरून दोघांची जी जुंपली ती मला संगणक बंद करून सोडवावी लागली.

आठवडाभरात आम्ही सात सराव सामने खेळलो आणि सातही हरलो. संघाची सरासरी मात्र एक पूर्णांक नऊवरून दोन पूर्णांक सातवर गेली. हा आलेख मी सूचनाफलकावर लावला. वर जाणारी रेघ पाहून कुणालाही बरं वाटलं असतं. पण त्याच्याशेजारी सचिवांनी सामन्यांचे निकालही लावले. हा त्यांचा खवचटपणा.

आवारात तोवर सल्ले सुरू झाले होते. औषधवाल्याचं म्हणणं, खेळाडूंचे डोळे तपासा. इस्त्रीवाला म्हणाला, खुर्च्या बदला. सगळ्यात मनाला लागलं ते मुख्याध्यापिकांचं. त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"एका विषयाचे गुण बघून कुणाला वरच्या वर्गात घालतात का हो? आम्ही हजेरी बघायचो, वर्तन बघायचो, दुसऱ्याला मदत करतो का ते बघायचो. तुम्ही नुसती गोळी बघताय."

बाईंचा मुद्दा शास्त्रीय होता. एका मापाने काम भागत नसेल तर मापं वाढवावीत. मी नऊ रकान्यांची नोंदवही आखली. 'सोबत्यांना माहिती दिली', एक गुण. 'सोबत्याचा जीव वाचवला', दोन गुण. 'दारातून प्रथम आत गेला', तीन गुण. सगळ्यांना वाचून दाखवली. इथे माझी एक बारीक चूक झाली. काटा तपासायला जाताना दुकानदाराला आधी कळवायचं नसतं, हे मी नव्या कर्मचाऱ्यांना स्वतः शिकवतो.

त्या दिवसाच्या सरावात माहितीचा जो महापूर आला तो काही विचारू नका. "मी जिन्यात आहे," वायरमन ओरडला. मी गुण मांडला. "मी अजून जिन्यातच आहे." आणखी एक गुण. "जिना रिकामा आहे, मी सोडून." विमावाले दर पाच सेकंदांनी "टाकी सुरक्षित आहे" असं जाहीर करत होते. या गदारोळात डॉक्टरांना मागून कोण आलं ते ऐकूच आलं नाही.

दोघी बहिणींनी 'जीव वाचवला' हा रकाना हेरला. एकीने उघड्यावर जाऊन उभं राहायचं आणि दुसरीने तिला वाचवायचं. मग अदलाबदल. "मघाशी दोन्ही वेळा तू वाचवलंस, आता तू संकटात जा," असं थोरली धाकटीला म्हणताना मी स्वतः ऐकलं. आणि डॉक्टर? डॉक्टर शिकलेले गृहस्थ. त्यांनी 'दारातून प्रथम आत' पकडलं. आत जायचे, बाहेर यायचे, पुन्हा आत जायचे. एका फेरीत चौदा वेळा. पंधराव्या वेळी मेले, पण बेचाळीस गुण घेऊन.

आम्ही तोही सामना हरलो. नोंदवहीप्रमाणे मात्र जगातला हा सर्वोत्तम संघ होता.

दुसरा कोणी असता तर खचला असता. मी खचलो नाही. दोष मापात नसेल तर तो वस्तूत असणार, आणि मूळ वस्तू कोणती, तर ज्या आकड्यावरून हे सगळं सुरू झालं तो. माझी बायको वाईट खेळते हे एकदा पूर्णपणे, कायमचं, आक्षेपाला जागा न ठेवता सिद्ध केलं की बाकीचं आपोआप जागेवर येईल, असा मी विचार केला. यंत्र जुने सामने जपून ठेवतं. रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक मांडला, चहा केला (साखर कुठे ठेवते ते सापडायला वीस मिनिटं गेली) आणि तिचे अकरा सामने एकेक सेकंद थांबवत पाहिले.

अकरा सामन्यांत ती एकशे आठ वेळा मेली. मी प्रत्येक मरण लिहून घेतलं. ती दारातून सगळ्यात आधी आत जाई. आत जाताना तिचा तो फोनवरचा आवाज ऐकू येई, "दोघं आहेत. एक डाव्या खांबामागे, एक खिडकीपाशी. डॉक्टर, तुम्ही डावीकडे. आता." आणि मग ती मरे. आणि मग, दोन-तीन सेकंदांत, डॉक्टर डाव्या खांबामागच्याला टिपत. थोरली बहीण खिडकीपाशी उभ्या असलेल्याला टिपे. पहिले वीस-पंचवीस प्रसंग मी योगायोग म्हणून बाजूला काढले. पन्नासनंतर योगायोगाचा कागद भरला. एकशे आठपैकी एकोणऐंशी वेळा, पाच सेकंदांच्या आत, तिच्या मरणावर कोणीतरी एक-दोन शिकारी केल्या होत्या. ज्या अकरा सामन्यांत ती एकशे आठ वेळा मेली त्यांतले नऊ संघाने जिंकले होते.

डॉक्टरांचा दोन पूर्णांक चार मी वर्गात फळ्यावर मांडतात तसा पुन्हा मांडला. त्यातून तिच्या मरणांवर मिळालेल्या शिकारी वजा केल्या. डॉक्टर शून्य पूर्णांक नऊवर आले. फक्त विमावाल्यांचा आकडा काही केल्या हलेना. तो त्यांचा स्वतःचा होता, आणि टाकीचा.

चहा निवून गेला होता. मी तो तसाच प्यायलो. खरं सांगतो, त्या घरात मला पहिल्यांदाच जरा जास्त जागा आहे असं वाटलं.

मी अंगण ओलांडून गेलो. माफी मागायला नव्हे. जे आढळलं ते कळवायला. मावशींनी दार उघडलं, मला आपादमस्तक पाहिलं आणि या खेपेला "ठीक आहे" सुद्धा म्हणाल्या नाहीत. बायको आत पाय वर घेऊन बसली होती.

"मी तुला कळवायला आलोय," मी म्हणालो, "की मोजमापात एक त्रुटी आढळली आहे."

"कुणाच्या?"

"यंत्राच्या."

"मग यंत्राला सांगा मला बोलवायला यायला."

"हे बघ, तू एकोणऐंशी वेळा..."

"मला माहितीये."

"तुला माहीत होतं? मग सभेत बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं छान वाचत होतात," ती म्हणाली. "आणि अहो, इतकी वर्षं मी घरात कोणत्या दारातून आधी आत जाते, ते तुम्हाला कधी वहीत लिहावंसं वाटलं?"

याचं उत्तर द्यायला दोन प्रती लागल्या असत्या. सचिवांनी सांगितलं की दिलेला ना हरकत दाखला सामना होईपर्यंत मागे घेता येत नाही. मागच्या इमारतीतल्या चार अगदी सामान्य लोकांचे आकडे तोवर दुप्पट झाले होते. माझ्या बायकोचा शून्य पूर्णांक अडतीसवर आला होता.

सरावाच्या खोलीत मी नोंदवही सगळ्यांसमोर फाडली. ती फाटायला वेळ लागला, कारण मी चांगल्या पुठ्ठ्याची बांधून घेतली होती. "उद्यापासून कोणी काही मोजणार नाही," मी म्हणालो. "दर फेरीला एक जण आधी आत जाईल आणि मरेल. पाळी लावून घ्या. आणि मरायच्या आधी काय दिसलं ते सांगून मरा."

"गुण किती?" धाकटीने विचारलं.

"शून्य."

विमावाल्यांनी पाळीतून सूट मागितली, वैद्यकीय कारणासाठी. मी दिली. टाकीला कोणीतरी हवंच.

सामन्याच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. दोन रांगांत संगणक, मध्ये मोठा पडदा. पहिल्या सहा फेऱ्यांत आम्ही एकच जिंकलो. पण सातव्या फेरीत डॉक्टर दारातून सरळ आत गेले, "तिघं! उजवीकडे!" असं ओरडून मेले आणि बहिणींनी त्यातले दोघे टिपले. डॉक्टर मेलेल्या अवस्थेत खुर्चीवर उभे राहून नाचले. मग वायरमन तसाच मेला. मग थोरली. बाराव्या फेरीअखेर सहा-सहा.

आणि तेवढ्यात मीटरच्या खोलीतून जळका वास आला.

"मी बघतो, नाहीतर सगळंच जाईल," असं म्हणून वायरमन उठून धावला. त्याला परत यायला किमान पंधरा मिनिटं लागणार होती. नियम अकरा: तीन मिनिटांत पाचवा खेळाडू बसला नाही तर सामना गेला.

सचिवांनी आमचा नमुना काढला. चष्मा वर केला. "राखीव खेळाडू आहे की तुमच्याकडे. इथे सही आहे."

ती सही माझी होती. 'निवडकर्ता' या ओळीवर करायची ती मी खालच्या 'राखीव खेळाडू' या ओळीवर केली होती. सत्तावीस वर्षांत लोकांच्या रकान्यांमधल्या चुका काढणारा मी. माझ्या नावापुढे 'गेल्या पन्नास सामन्यांचे आकडे' या जागी सचिवांनी सुवाच्य अक्षरात 'निरंक' लिहिलेलं होतं.

मी खुर्चीत बसलो. सभागृहात जो हशा पिकला तो मी ऐकला नाही असं दाखवलं.

"ही कळ पुढे जायची, ही मागे," डॉक्टरांनी घाईघाईने सांगितलं. "माउस हलवला की मान फिरते. बाकी काही करू नका. खरंच काही करू नका."

शेवटची फेरी. खोली घ्यायची पाळी आमची. मी माउस हलवला तर मला आभाळ दिसलं. पुन्हा हलवला तर माझेच बूट. शेवटी एका बोळात एका भिंतीसमोर मी स्थिरावलो. भिंत बरी होती, निदान हलत नव्हती. कानावर आवाज येत होते. डॉक्टर आत गेले आणि मेले. थोरलीने एकाला टिपलं आणि मेली. धाकटी जिन्यात मेली. उरलो मी, आणि टाकीमागचे विमावाले. समोर त्यांचे चौघं.

मग रांगेच्या पलीकडून तो आवाज आला. शांत, एका सुरात.

"बोळात भिंतीकडे तोंड करून उभे आहेत ते आमचे हे आहेत. त्यांच्यावर गोळी वाया घालवू नका. त्यांना वळता येत नाही. एक जण टाकीमागे आहे, चौघंही तिकडे चला."

सभागृह खो खो हसलं. माझे कान तापले. माणसाने मेलेलं सहन करावं, पण 'गोळी वाया घालवू नका' हे? मी तिच्याकडे वळून काहीतरी तडाखेबंद करायचं ठरवलं आणि सगळी ताकद एकवटून कळ दाबली. ती मागे जायची होती. मी मागे निघालो. भिंत लांब लांब जायला लागली. मी कळ सोडायला विसरलो. दोन्ही बाजूंनी एक चौकट पुढे सरकली, अंधार झाला, पाठ कशाला तरी टेकली. मी थांबलो. समोर आता एक रिकामं दार दिसत होतं. मी त्या दाराकडे बघत, घाम पुसत, काहीही न करता उभा राहिलो. काहीही न करणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. तिकडे टाकीपाशी धडाधड गोळ्या सुटत होत्या आणि विमावाले दोन वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी हाका मारत होते.

घंटा वाजली.

मला वाटलं, वायरमनने मीटर दुरुस्त केला. मग डॉक्टरांनी मला खुर्चीसकट उचललं.

निकालपत्रक लागलं. सर्वोत्तम खेळाडू, आकड्यांनुसार, विमावाले. सगळ्यात तळाला माझी बायको. माझ्या नावापुढे मारले शून्य, मेले शून्य, आणि लायकीच्या जागी यंत्राने नुसती आडवी रेघ ओढली होती. सचिव म्हणाले, इथे काहीतरी आकडा लागेल, नाहीतर पत्रक अपूर्ण राहील. मुख्याध्यापिका मागून म्हणाल्या, "शून्याला शून्याने भागता येत नाही हो. तसंच राहू द्या." मी छाती पुढे काढून उभा होतो. भेटेल त्याला मी सांगत होतो की प्रतिस्पर्ध्याचं लक्ष टाकीकडे वळवून मागच्या मागे खोलीत शिरणं हा एक पूर्वनियोजित डाव होता आणि अशा गोष्टी कुठल्याही आकड्यात बसत नाहीत. दहाव्यांदा सांगताना माझा स्वतःचाही त्यावर पूर्ण विश्वास बसला.

गर्दी ओसरल्यावर बायको आली. तिने पत्रक तळापर्यंत वाचलं.

"माझा अंदाज चुकला," ती म्हणाली. "तुम्हाला सोडायला नको होतं."

मी याच क्षणाची वाट बघत होतो. "बघ! शेवटी तूही तेच केलंस. माणसाचा आकडा बघितलास आणि फसलीस."

"तुमचा कुठला आकडा? तिथे निरंक लिहिलंय," ती म्हणाली. "मी सव्वीस वर्षं बघून फसले."

हा निकाल माझ्या बाजूने आहे की विरुद्ध, ते अजून नक्की झालेलं नाही. पण बाजूनेच असणार, याबद्दल माझ्या मनात काडीमात्र शंका नाही.